व्हर्डीच्या काठी जाण्याआधी : फिनिक्स परिसरातल्या मराठी मंडळींना खुले पत्र

व्हॅलीतल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या दिवसांत आपल्या ग्रुपवर एका ताईंनी विचारलं होतं, "विसर्जनाला वाहतं पाणी कुठे मिळेल? टबमध्ये बाप्पाला बुडवायला जीव होत नाही." मिनिटभरात उत्तर आलं : "बीलाइन हायवे धरा. कॅसिनोच्या मागे व्हर्डी नदी आहे. रिझर्व्हेशनची जागा आहे, तिथे कोणी विचारत नाही." त्याखाली पाच-सहा अंगठे उमटले आणि विषय प्रसादाच्या यादीकडे वळला.

ताईंची ओढ मला कळते. मीही कृष्णेच्या खोऱ्यात वाढले, घाटावर गुडघाभर पाण्यात उभं राहून निरोप दिलेला आहे. पण "कोणी विचारत नाही" हे शब्द तेव्हापासून माझ्या मनातून जात नाहीत. ज्यांच्या नदीबद्दल आपण हे बोललो त्या लोकांचा गेल्या दीडशे वर्षांचा सगळा झगडा या एकाच गोष्टीसाठी आहे, की आम्हाला विचारा. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

ती जागा फोर्ट मॅकडॉवेल यावापाई नेशनची, म्हणजे यावापाई या मूळ अमेरिकी जमातीची; अशा जमातीसाठी राखलेल्या जमिनीलाच इथे रिझर्व्हेशन म्हणतात. आपण पेसनला थंड हवा खायला किंवा मुलांना बर्फ दाखवायला जातो, तेव्हा मेसा सोडल्यावर फाउंटन हिल्सच्या वळणापाशी डाव्या-उजव्या हाताला जो मोकळा प्रदेश लागतो, तो त्यांचा. चोवीस हजार एकरांहून थोडा जास्त. मधून व्हर्डी वाहते, काठाने कॉटनवुडची झाडं, आणि पूर्वेला चार शिखरांचा तो डोंगर, जो आपण फोटोत 'फोर पीक्स' म्हणून टाकतो. त्यांच्या भाषेत तो 'विकोपा'. कॅसिनोच्या पाटीवर हेच नाव आहे. ते स्वतःला 'अबाजा' म्हणतात, म्हणजे लोक, माणसं. सरकारी कागदांत त्यांना कित्येक वर्षं 'मोहावे-अपाची' लिहीत, वास्तविक त्यांची भाषा युमन कुळातली, अपाची भाषेशी तिचं नातं नाही. यावापाईंच्या आणखी दोन वस्त्या आहेत, एक कॅम्प व्हर्डीला अपाचींसोबत आणि एक प्रेस्कॉटला. फोर्ट मॅकडॉवेलची नोंदलेली माणसं साधारण हजार. आपल्या गणपतीच्या महाप्रसादाला एका दुपारी जेवढी पानं उठतात, तेवढं हे अख्खं राष्ट्र.

आणि कृपा करून मुलांसमोर त्यांना 'रेड इंडियन' म्हणणं सोडा. लहानपणी वाचलेल्या गोष्टींतून तो शब्द आपल्या तोंडात बसलाय, माझ्याही बसला होता. 'यावापाई' म्हणायला काहीच अवघड नाही.

देशातून आई-बाबा आले की आपण त्यांना कॅन्यन लेकवर बोटीत बसवतो. त्या तळ्याच्या वरच्या अंगाला, सॉल्ट नदीच्या कड्यात एक उथळ गुहा आहे. २८ डिसेंबर १८७२ च्या पहाटे तिथे आसरा घेतलेल्या यावापाई कुटुंबांना लष्कराने घेरलं. माणसं आत आडोशाला होती म्हणून सैनिकांनी गुहेच्या छतावर गोळ्या झाडल्या, त्या उसळून आतल्या माणसांना लागल्या. वरच्या कड्यावरून दगडही लोटले. सुमारे ७५ माणसं गेली, त्यांत बायका होत्या, पोरं होती. हाडं तिथेच पडून राहिली. कित्येक वर्षांनी त्यांच्या वंशजांनी ती गोळा करून फोर्ट मॅकडॉवेलच्या स्मशानभूमीत पुरली. मी त्या तळ्यावर चार वेळा गेले, चारही वेळा पाहुण्यांना कड्यावरच्या रानमेंढ्या दाखवल्या. गुहेबद्दल मला तोवर माहीतच नव्हतं.

जे वाचले त्यांना कॅम्प व्हर्डीजवळ ठेवलं. ही जमीन तुमची, असं वचन दिलं. त्यांनी मिळतील त्या मोडक्या अवजारांनी कालवा खोदला, पीक काढलं, पीक चांगलं आलं. आता सरकारकडून रेशन नको, अशी वेळ जवळ येत होती, आणि नेमकं तेच टूसॉनच्या ठेकेदारांना परवडणारं नव्हतं, कारण रिझर्व्हेशनला धान्य आणि मांस पुरवण्यावर त्यांचा धंदा. फेब्रुवारी १८७५ मध्ये सुमारे १,४०० माणसांना भर हिवाळ्यात उठवून १८० मैल लांब सॅन कार्लोस रिझर्व्हेशनला चालवत नेलं. डोंगरातून, फुगलेल्या नद्यांतून. वाटेत शंभरावर माणसं गेली. सोबत असलेल्या लष्करी डॉक्टरने एका म्हाताऱ्याबद्दल लिहून ठेवलंय : त्याने आपल्या थकलेल्या बायकोला ओझ्याच्या टोपलीत बसवलं, टोपलीचा पट्टा कपाळाला लावला, आणि तो तिला पाठीवर घेऊन चालत राहिला. पंढरीच्या वाटेवर आईला खांद्यावर बसवून नेणारा मुलगा मी पाहिलाय, त्यामुळे हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहिलं. फरक एवढाच की हा म्हातारा आपल्या गावापासून दूर नेला जात होता.

पंचवीस वर्षांनी ते परत येऊ लागले. मॅकडॉवेलची लष्करी छावणी १८९० मध्येच रिकामी झाली होती. १५ सप्टेंबर १९०३ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती जमीन त्यांच्या नावे केली. झालं, असं वाटावं, तर सातच वर्षांत अधिकारी पुन्हा दारात : व्हर्डीचं पाणी शहराकडे हवंय, तुम्ही खाली सॉल्ट रिव्हर रिझर्व्हेशनमध्ये जा.

त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉक्टर कार्लोस माँटेझुमा. यांची गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायलाच हवी असं मला फार वाटतं. मूळ नाव वासाजा, अर्थ खुणेने बोलावणारा. १८७१ मध्ये, पाचेक वर्षांचा असताना, पिमा टोळीच्या हल्ल्यात पकडला गेला आणि एका इटालियन फोटोग्राफरला ३० डॉलरना विकला गेला. त्या माणसाने त्याला मुलासारखं वाढवलं. १८८४ मध्ये तो इलिनॉय विद्यापीठाचा पदवीधर झाला, १८८९ मध्ये शिकागोत डॉक्टर. चांगली चालणारी प्रॅक्टिस होती. पण आपली माणसं मॅकडॉवेलला जिवंत आहेत हे कळलं आणि पुढचं आयुष्य त्यांनी त्या छोट्याशा जमिनीसाठी वॉशिंग्टनला अर्ज लिहिण्यात घातलं. १९१६ पासून स्वतःच्या मूळ नावाने मासिकही काढलं. क्षयाने गाठलं तेव्हा शिकागोचं घर सोडून ते मॅकडॉवेलला आले आणि जानेवारी १९२३ मध्ये, ऐन थंडीत, काटक्यांच्या झोपडीत जमिनीवर त्यांनी प्राण सोडला. त्यांची कबर तिथेच आहे. जवळच्या हायवेवरून आपण ताशी ६५ मैलांनी निघून जातो.

एक तारीख आणखी सांगते. १९४८ पर्यंत ॲरिझोनात मूळ रहिवाशांना मत देता येत नसे. सरकारच्या पालकत्वाखालची माणसं, म्हणून नाव नोंदवायला नकार. मॅकडॉवेलचे फ्रँक हॅरिसन दुसऱ्या महायुद्धात लढून आले होते. ते आणि हॅरी ऑस्टिन नाव नोंदवायला गेले, नकार मिळाला, कोर्टात गेले, आणि जुलै १९४८ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच सुमारास आपल्याकडे घटना समितीत प्रत्येक प्रौढाला मत देण्याचा मसुदा चर्चेला आला होता. आपल्यातल्या ज्यांना इथलं नागरिकत्व मिळालंय ते दर निवडणुकीला 'मी मत दिलं'चं स्टिकर लावून फोटो टाकतात. या राज्यात मूळ रहिवाशांना तो हक्क मिळाला त्यामागे मॅकडॉवेलची दोन माणसं आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसले, ती.

१९६८ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी फिनिक्स-टूसॉनला आणणारा मोठा कालवा मंजूर झाला. आज आपण ज्याला कॅप (सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्ट) म्हणतो तो. त्याच योजनेत सॉल्ट आणि व्हर्डी जिथे मिळतात तिथे एक धरण होतं, ऑर्म धरण. त्याच्या फुगवट्यात मॅकडॉवेलची निम्म्याहून जास्त जमीन जाणार होती : नदीकाठची शेतं, घरं, वाडवडिलांच्या कबरी, कॉटनवुडवरची गरुडांची घरटी. वस्तीत तेव्हा चारशेच्या आत माणसं. बहुतेक घरं गरीब. आणि समोर लाखो डॉलर ठेवले होते, एकेका कुटुंबाचं जन्माचं दारिद्र्य फिटेल एवढे.

सप्टेंबर १९७६ मध्ये त्यांनी मतदान घेतलं. जमीन विकायची का? हो म्हणणारे ५७. नाही म्हणणारे १४४.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. १४४ माणसं म्हणजे आपल्या कोजागिरीची गर्दी. त्यांच्या विरुद्ध कोण? संघराज्य सरकार, राज्याचे पुढारी, वर्तमानपत्रं आणि दहा-पंधरा लाखांचं शहर. त्यात १९७८ ते १९८० या काळात सॉल्ट नदीला पूर आले. फेब्रुवारी १९८० मध्ये नदी ओलांडायला शहरात मोजून दोन पूल उरले, टेम्पेतला मिल अव्हेन्यूचा आणि फिनिक्समधला सेंट्रल अव्हेन्यूचा. तासन्‌तास गाडीत अडकलेल्या लोकांना कोणीतरी सांगितलं की ऑर्म असतं तर हे झालं नसतं. तो राग कोणावर निघाला असेल हे सांगायला नको. तरी मॅकडॉवेलची माणसं हलली नाहीत. स्कॉट्सडेलच्या कॅरोलिना बटलर नावाच्या गृहिणी त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्या यावापाई नव्हत्या, वकील नव्हत्या, त्यांनी सरकारी कागद मागवले, वाचले आणि लोकांना समजावले. अशी बाहेरची माणसं थोडी होती, पण होती.

सप्टेंबर १९८१ मध्ये शंभरेक यावापाई मॅकडॉवेलहून राजधानीच्या इमारतीपर्यंत चालत गेले. तीस-बत्तीस मैल, तीन दिवस, ॲरिझोनाच्या सप्टेंबरात. म्हातारी माणसं होती, पोरं होती. या उन्हात दुपारी चारला मेलबॉक्सपर्यंत जाताना आपली काय दशा होते ते आठवा. नोव्हेंबर १९८१ मध्ये अंतर्गत खात्याचे सचिव जेम्स वॉट यांनी जाहीर केलं की ऑर्म धरण होणार नाही. मग पुराचं काय झालं? जुन्या रूझवेल्ट धरणाची उंची ७७ फुटांनी वाढवली, पश्चिमेला न्यू वॉडेल धरण बांधलं, आणि शहराचं काम भागलं. म्हणजे दुसरा मार्ग होता. तो शोधायची गरज पडली, कारण १४४ माणसांनी नाही म्हटलं.

मी यात इतकी का गुंतले, तेही सांगते. माझ्या आजीचं गाव सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाखाली आहे. आजी म्हणायची, "आमास्नी कुणी इचारलंच न्हाई. दवंडी आली, मग गाड्या आल्या." एका बैलगाडीत मावेल तेवढंच न्यायचं होतं. जात्याची खालची तळी गाडीत बसली, वरची राहिली. नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या घरात ती अर्धी तळी दाराशी होती, आम्ही पोरं तिच्यावर बसून चिंचोके फोडायचो. तिचं दुसरं अर्धं पाण्याखाली आहे हे मला फार उशिरा कळलं. १९२१ मध्ये मुळशीत सेनापती बापटांसोबत मावळे आडवे झाले, तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. आपल्या मुलखात धरणाविरुद्ध उभं राहिलेल्यांच्या कहाण्या बहुतेक अशाच संपतात. म्हणून जेव्हा वाचलं की कोपऱ्यातल्या एका लहानशा लोकसमूहाने धरण थांबवलं, आणि ते गाव माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. आजी असती तर तिला घेऊन गेले असते.

आता आपल्या नळाचं पाहू. व्हर्डी मॅकडॉवेलच्या जमिनीतून वाहते, खाली सॉल्टला मिळते, आणि तिथून थोड्याच अंतरावर ग्रॅनाइट रीफचा बंधारा आहे, १९०८ चा. तो पाणी दोन्हीकडे वळवतो. दक्षिणेचा कालवा मेसा, गिल्बर्ट, चँडलर, टेम्पेकडे येतो. संध्याकाळी ज्याच्या काठाने आपण फेरी मारतो, तो हाच. १९२० च्या दशकात तर फिनिक्सने रेडवुडच्या लाकडी पाइपातून व्हर्डीचं पाणी थेट शहरात आणलं होतं. आपली तुळस, आपला वरणभात, आपला सत्यनारायणाचा कलश, त्यात त्यांच्या दारावरून आलेलं पाणी आहे. १९९० च्या कायद्याने यावापाईंचा स्वतःचा वाटा ठरला, वर्षाला ३६,३५० एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), आणि त्यावर ते आज पिकान, लिंबूवर्गीय फळं आणि लसूणघास पिकवतात. ज्या जमिनीवर तळं व्हायचं होतं, तिथे आज बागा आहेत.

कॅसिनोबद्दलही बोलते, कारण "त्यांना काय, कॅसिनोचा पैसा येतो" हे मी आपल्याच ओट्यावर ऐकलंय. १२ मे १९९२ रोजी पहाटे एफबीआयची माणसं आली आणि त्यांच्या हॉलमधली जुगाराची ३४९ यंत्रं उचलून ट्रकांत भरू लागली. बातमी फोनवरून वस्तीत पसरली. लोकांनी घरच्या गाड्या, पिकअप, वाळू-खडीच्या कामावरचे डंपर आणि लोडर आणून रस्त्यावर आडवे लावले. ट्रक अडकले ते तीन आठवडे. बंदूक कोणी काढली नाही. त्यातूनच पुढे राज्यपालांशी करार झाला, आणि आज ॲरिझोनात जमातींचे जे कॅसिनो दिसतात त्यांची वाट तिथून निघते. दर १२ मे ला ते सार्वभौमत्व दिन पाळतात. जुगाराबद्दल आपलं मत काहीही असो, मला स्वतःला तो आवडत नाही, पण ज्यांनी पैशासाठी जमीन विकली नाही त्यांच्या उत्पन्नाबद्दल बोलताना आपण जरा जपून बोलावं.

माझं मागणं फार नाही. रविवारच्या मराठी शाळेत आपण शिवरायांचे किल्ले शिकवतो, चांगलंच आहे. त्यात एक रविवार वासाजाला द्या. धडा मी लिहून देते, मराठीत, आठवी-नववीच्या मुलांना झेपेल असा.

दुसरं थोडं किचकट आहे. व्हर्डीवरच्या हॉर्सशू धरणात गाळ साचून त्याची क्षमता कमी होत चाललीय, म्हणून खालच्या बार्टलेट धरणाची उंची वाढवण्याचा विचार चालू आहे. दोन्ही धरणं मॅकडॉवेलच्या वरच्या बाजूला आहेत. या योजनेच्या बाजूने किंवा विरुद्ध बोला असं मी म्हणत नाही. शहरं वाढतायत, पाणी सगळ्यांनाच लागतं, आपल्यालाही. पण लोकांची मतं मागवली जातील तेव्हा आपल्यातले जे सिव्हिल इंजिनिअर आहेत, जलशास्त्र शिकलेले आहेत, त्यांनी तो अहवाल वाचावा आणि जाहीर सभेत एवढं तरी विचारावं की नदीकाठच्या माणसांचं म्हणणं काय आहे. आपल्या मंडळात असे किमान पाच जण मला माहीत आहेत.

आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ती नदी त्यांची आहे, त्यांच्या परवानगीवाचून काठाशी जाणं म्हणजे कोणाच्या परसदारी न विचारता शिरणं. रंगवलेली मूर्ती तर मुळीच नको, गरुडं त्याच पाण्यातले मासे खातात. पुढच्या वर्षी शाडूची मूर्ती करू, माझ्या अंगणात मोठं घंगाळ आहे, त्यात विसर्जन करू आणि ती माती तुमच्या मोगऱ्याला घालू.

दर नोव्हेंबरात मॅकडॉवेलला ऑर्म धरणावरच्या विजयाचा उत्सव असतो : मिरवणूक, रोडिओ, पाववाव म्हणजे नाच-गाण्यांचा मेळा. तो सर्वांना खुला असतो. गेल्या वर्षी मी एकटी गेले होते. एका आजींच्या स्टॉलवर विलोच्या काड्यांची वळीव टोपली होती, तळहातापेक्षा थोडी मोठी, मध्ये काळं नक्षीकाम. काळा रंग कशाचा, विचारलं, तर त्यांनी टेबलाखालून एक वाळकी शेंग काढून माझ्या हातात ठेवली. दोन लांब वाकड्या नख्यांची. आपल्याकडे माळावर वाघनखी उगवते ना, त्याच कुळातली. तिची साल भिजवून, चिरून विणतात, रंग मुळातच काळा असतो. लहानपणी आम्ही वाघनखी बोटांत अडकवून एकमेकांना भिववायचो, असं मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या, आणि त्यांनी ती नखी माझ्या पदराला, म्हणजे ओढणीला, अडकवून दाखवली. मग नाचणाऱ्यांकडे बोट करून म्हणाल्या, तो तिसरा माझा नातू.

या नोव्हेंबरात मी पुन्हा जाणार आहे. नाचाचे फोटो विचारून काढायचे, विधी चालू असेल तर फोन पर्समध्ये ठेवायचा, फ्रायब्रेड मात्र मनसोक्त खायचा. आठ वाजता निघेन. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत, एक त्या ताईंसाठी राखून ठेवलीय.

तुमची,
चँडलरची एक मराठी शेजारीण